कारवारचे जहाज, कुलाब्याची कैद आणि घाटावरचे सचिव

१७१३च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटातून तीस हजार रुपये कुलाब्याला रवाना झाले. बरोबर लेफ्टनंट मॅकिंटॉश नावाचा कंपनीचा लष्करी अधिकारी होता. रुपये कान्होजी आंग्र्यांच्या हाती द्यायचे आणि माणसे सोडवून आणायची, एवढेच त्याचे काम. माणसे म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी कारवारच्या दर्यात धरलेल्या दोन जहाजांवरचे कैदी. त्यांत विशीच्या आतली एक इंग्रज विधवाही होती. तिचे नाव कॅथरिन.

इंग्रजी पुस्तकांत ही हकीकत चाच्यांच्या तावडीत सापडलेल्या अबलेची म्हणून रंगवली जाते. मराठीत ती कान्होजींच्या पराक्रमाच्या यादीत एका वाक्यात उरकली जाते. कैदी नेमके फेब्रुवारीत का सुटले, हे मात्र दोन्हीकडे कोणी फारसे विचारत नाही. कान्होजींना पैशाची अशी तातडी नव्हती, मुंबईकरांची भीती तर त्याहून नव्हती. मला या प्रश्नाचा माग समुद्रावरून घाट चढून थेट भोर-वेल्ह्याच्या मुलखात आणि तिथून साताऱ्याच्या दरबारात जाताना दिसतो. म्हणून ही गोष्ट दोन्ही अंगांनी सांगायची.

आधी जहाज.

१७०९मध्ये 'लॉयल ब्लिस' नावाचे कंपनीचे जहाज बंगालकडे निघाले होते. वारे चुकले, मोसम हातचा गेला आणि ऑक्टोबरात ते कारवारला लागले. जहाजावर कॅप्टन जेरार्ड कुक हा फोर्ट विल्यमला निघालेला एंजिनिअर आपल्या कुटुंबासह होता. त्याची मुलगी कॅथरिन तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख जॉन हार्वे वयस्क आणि शरीराने अधू होता, पण पैसा बाळगून होता. त्याने मुलीला मागणी घातली, बापाने दिली आणि जहाज पुढे बंगालला निघून गेले. कोकणपट्टीत त्या काळी बालाजरठ विवाहाला नावे ठेवण्याचा अधिकार निदान टोपीकरांना तरी नव्हता, हे यावरून दिसते.

हार्वे दोन-तीन वर्षांत मेला. मागे राहिले वखारीचे गुंतलेले हिशेब. हार्वेचा खासगी व्यापार कोणता आणि कंपनीचा कोणता, हे कोणालाच धड उलगडत नव्हते. कॅथरिनने वखारीतल्याच थॉमस चाऊन या तरुण अधिकाऱ्याशी लग्न केले. मिळकतीचा निकाल लावून घ्यायचा तर मुंबईच्या कौन्सिलपुढे उभे राहणे भाग होते. १७१२च्या नोव्हेंबरच्या आरंभी दोघे 'ॲन' नावाच्या दोन डोलकाठ्यांच्या जहाजावर चढले. जहाजात मिरी आणि मेण भरलेले होते. संरक्षणाला मुंबईचे गव्हर्नर विल्यम एझ्लाबी यांची शस्त्रसज्ज यॉट. नारळी पुनवेनंतर दर्या निवळतो आणि व्यापारी जहाजांची वर्दळ सुरू होते. आंग्र्यांचे आरमारही त्याच सुमारास बाहेर पडते, हे कारवारच्या वखारीत कोणाला ठाऊक नसेल असे नाही. गव्हर्नरचे निशाण पाहून वाट मिळेल, असा भरवसा असावा.

वाट मिळाली नाही. आंग्र्यांची चार जहाजे आडवी आली.

ती लढत कशी झाली असेल, हे समजायला गुराब डोळ्यांसमोर आणायला हवी. दोन किंवा तीन डोलकाठ्या, दीडशेपासून तीनशे टनांपर्यंतचा डोलारा, बूड उथळ आणि नाळ लांबवर पुढे झेपावलेली. नाळेच्या मागच्या भिंताडाला भोके पाडून दोन मोठ्या तोफा थेट समोर तोंड करून बसवलेल्या. त्यांचे गोळे नऊ ते बारा पौंडांचे. विलायती जहाजाच्या तोफा बहुतेक दोन्ही कुशींना असत. त्यामुळे त्याच्या बाजूला जाणे म्हणजे मार खाणे. आंग्र्यांचे तांडेल म्हणून मागच्या अंगाने, वराम्याकडून येत. वारा पडलेला असला तर चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबेला दोर लावून ओढत आणत. पहिला मारा शिडांवर, दोरखंडांवर आणि डोलकाठीवर. जहाज पांगळे झाले की मग ते घाईने बुडवायचे कारण उरत नसे, कारण त्यातला माल आणि माणसे दोन्हींना किंमत होती. गलबतांतून शंभर-दोनशे माणसे तलवारी घेऊन चढली की काम फत्ते.

इथेही तेच घडले. यॉटची डोलकाठी कोसळली आणि तिने हत्यार ठेवले. 'ॲन'ने कारवारकडे परत फिरण्याचा प्रयत्न केला, पण दोन गुराबा तिला जाऊन भिडल्या. दारूगोळा संपत आला तेव्हा तिनेही निशाण उतरवले. तोवर तोफेच्या गोळ्याने चाऊनचा हात उडाला होता. रक्तस्राव थांबला नाही. बायकोच्या मांडीवर त्याने प्राण सोडला. तीन वर्षांत दोनदा विधवा झालेली, पोटुशी असलेली ही पोर धरलेल्या माणसांबरोबर कुलाब्याला आणली गेली.

अलिबागेच्या किनाऱ्यावरून कुलाबा ओहोटीला पायी गाठता येतो आणि भरती आली की चारी बाजूंनी पाणी. चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले प्रचंड दगड, आत गोड्या पाण्याची पुष्करणी. कैद्यांना ठेवायला याहून सोयीची जागा नाही. पहारा माणसांनी द्यायचा त्याहून अधिक समुद्रच देतो.

या कैदेबद्दल इंग्रजीत जे लिहिले गेले त्यातले बरेचसे क्लेमंट डाऊनिंगच्या पुस्तकावरून आले आहे. मॅकिंटॉश कुलाब्याला पोचला तेव्हा कॅथरिनच्या अंगावर धड वस्त्र नव्हते, त्याला आपले कपडे तिच्याभोवती गुंडाळावे लागले, असे त्यात येते. डाऊनिंग या घटनेनंतर काही वर्षांनी हिंदुस्थानात आला आणि त्याचे पुस्तक १७३७ साली छापले गेले. तो आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमांत लढलेला माणूस. त्याने मुंबईच्या गुत्त्यांत आणि बराकींत जे ऐकले ते लिहिले, असे धरून चालावे. कैदेत हाल झाले असतील, त्यात नवल नाही. पण ज्या कैद्याच्या बदल्यात तीस हजार यायचे आहेत त्याला कोणी जिवावर बेतेल असे वागवत नाही, एवढा व्यवहार कान्होजींना कळत होता.

आणि बाकीचे? मुंबईच्या जहाजांवर काम करणारे खलाशी कोण असत ते ठाऊक आहे. गोरे गोलंदाज मूठभर, थोडे तोपाशी म्हणजे देशी-पोर्तुगीज शिपाई आणि दोर ओढायला, शीड चढवायला कोकणातलेच कोळी, भंडारी, खारवी. समोरच्या गुराबेवरही त्याच जातींची माणसे, कदाचित त्याच गावांची. आंग्र्यांच्या नोकरीत उलट युरोपियन गोलंदाजही होते. चाऊनचे नाव राहिले, कॅथरिनचे राहिले, मॅकिंटॉशचेही राहिले. खलाशांना इतिहासकारांनी 'उरलेले कैदी' एवढ्या दोन शब्दांत मोकळे केले आहे.

भांडण मुळात दस्तकाचे होते. कोकणच्या दर्यातून जायचे तर आंग्र्यांचे दस्तक घ्या, जकात भरा, नाहीतर जहाज जप्त. पोर्तुगीज हेच काम दोनशे वर्षे कार्ताझ देऊन करत आले होते आणि त्यांना कोणी चाचे म्हटले नाही. इंग्रजांचे म्हणणे असे की कंपनीच्या निशाणाला कोणाच्या दस्तकाची गरज नाही. गोम पुढे होती. सुरतेचे, मुंबईचे खासगी व्यापारीही इंग्रजी निशाण भाड्याने लावल्यासारखे लावून जकात चुकवत. कान्होजींना ही चलाखी पक्की माहीत होती. कोल्हापूरच्या गादीचे जाणते कारभारी रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे असलेल्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांविषयी जो संशय आहे तो याच काळातला आणि अशाच अनुभवांतून आलेला.

हा झगडा १७१२च्या आधीही होता, नंतरही चालला. मग १७१३च्या आरंभी कान्होजींनी एकदम तहाचा हात पुढे का केला? त्यासाठी आता घाट चढू.

भोर-वेल्ह्याचा मुलूख समुद्रापासून दूर वाटतो, पण त्याची तोंडे कोकणात उघडतात. वेल्ह्याच्या बाजूने मढे घाट आणि उपांड्या, भोरकडून वरंध. मीठ, सुकी मासळी आणि नारळ या वाटांनी बैलांवर वर यायचे, भात-नाचणी आणि हिरडा खाली जायचा. राजगड आणि तोरणा या वाटांच्या माथ्यावर बसले आहेत. औरंगजेबाने १७०४च्या फेब्रुवारीत राजगड आणि पाठोपाठ मार्चात तोरणा घेतला तेव्हा त्याला नुसते दोन डोंगर नको होते. पण बादशहाची पाठ वळताच किल्ले फिरून मराठ्यांकडे येऊ लागले आणि त्यामागे मुख्य हात होता शंकराजी नारायण सचिवांचा.

शंकराजी मूळचे गांडापूरचे, म्हणून गांडेकर. राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचे राज्य ज्या दोन-चार माणसांनी तोलून धरले त्यांत रामचंद्रपंतांच्या बरोबरीने यांचे नाव येते. १६९७मध्ये त्यांना सचिवपद मिळाले. रोहिडा, राजगड, तोरणा आणि मावळचा मोठा भाग त्यांच्या हाताखाली होता. भोर संस्थान म्हणतात त्याचा पाया हाच. १७०७मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि शंकराजींपुढे पेच उभा राहिला. ताराबाईंशी इमानाची शपथ घेतलेली, आणि समोर थोरल्या महाराजांचा नातू, संभाजी महाराजांचा मुलगा. लढावे तर कोणाशी, आणि न लढावे तर शपथेचे काय? भोरजवळ आंबवड्याला नागेश्वराच्या सान्निध्यात त्यांनी देह ठेवला. कोणी म्हणते जलसमाधी घेतली, कोणी म्हणते हिरकणी गिळली. समाधी अजून आहे. आंबवड्याला सहलीला येणारे झुलत्या पुलावर हेलकावे घेतात, देवदर्शन करतात आणि समाधीपाशी न थांबता परत फिरतात.

शाहू महाराजांनी समजूतदारपणा दाखवला. मागे राहिलेल्या अजाण नारो शंकरला सचिवपदाची वस्त्रे दिली. कारभार आई येसूबाई आणि मुतालिकांच्या हाती आला. या एका सनदेने मावळ आणि घाटमाथा शाहूंच्या बाजूला राहिला. राहिला म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात साताऱ्याची सत्ता तेव्हा इतकी दुबळी होती की चार कोसांवरचा सरदार हुकूम पाळील याची खात्री नसे.

अशा सरदारांतला सर्वांत बेछूट म्हणजे पाटस परगण्यातल्या हिंगणगावचा दमाजी थोरात. शाहूंचा उगवता कारभारी बाळाजी विश्वनाथ त्याच्याशी बोलणी करायला गेला. दमाजीने बेलभंडार उचलून अभय दिले आणि आत येताच बाळाजी, त्याचे कुटुंब आणि अंबाजीपंत पुरंदरे या सर्वांना अडकवले. शपथेची आठवण करून दिली तेव्हा त्याने उत्तर दिले म्हणतात, बेल हा झाडाचा पाला आणि भंडार म्हणजे हळद, ती तर आम्ही रोजच खातो. ग्रँट डफने ही गोष्ट दिली आहे आणि ती विसरता येत नाही. पैसे दिले नाहीत तर तोंडाला राखेचे तोबरे बांधीन, अशी धमकी. अखेर शाहूंनी खंडणी भरली आणि माणसे सोडवली.

कान्होजी आणि कॅथरिनची हकीकत आता याच्या शेजारी ठेवून पाहा. मुंबईकरांना जे समुद्रावरचे रानटीपण वाटले ते घाटावर रोजचे राजकारण होते. आणि त्याचे बळी नुसते परके नव्हते. ज्यांच्या नावाने राज्य चालले ते शाहू स्वतः अठरा वर्षे कैदेत होते. त्यांच्या मातोश्री येसूबाई १७१९पर्यंत दिल्लीकरांच्या ताब्यातच राहिल्या. माणूस धरायचा, सांभाळायचा, त्याची किंमत ठरवायची आणि योग्य वेळी सोडायचा. हे कसब त्या पिढीने मोगलांच्या छावणीत पाहून घेतले होते, थोडे अंगावरही सोसले होते.

१७१३ साल उजाडले तेव्हा शाहूंनी एका वेळी अनेक आघाड्या उघडायच्या ठरवल्या. कान्होजी कोल्हापूरच्या पक्षाचे, म्हणजे शाहूंचे शत्रू. त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे निघायचे होते. दमाजी थोरातावर सचिवांची फौज जायची होती. खटावच्या कृष्णरावावर बाळाजी विश्वनाथ. साताऱ्यात असली तयारी गुप्त राहत नाही. कुलाब्याला बसलेल्या माणसाला घाटावरच्या बातम्या मुंबईकरांपेक्षा आधी कळत असणार. पाठीवर साताऱ्याची फौज येणार असेल तर तोंडापुढे मुंबईचे आरमार नको, हा हिशेब मांडायला फार मुत्सद्देगिरी लागत नाही. कान्होजींचा इंग्रजांशी त्या फेब्रुवारीतला तह मी असाच वाचतो. समुद्राकडची बाजू निवांत करून घेण्याची ती किंमत होती, आणि गंमत म्हणजे किंमत मोजली इंग्रजांनी.

तहात ठरले ते थोडक्यात असे. कान्होजींनी कंपनीच्या जहाजांना हात लावायचा नाही आणि माहीमपासून खांदेरीपर्यंतच्या पाण्यात मुंबईच्या व्यापाराला उपद्रव द्यायचा नाही. इंग्रजांनी आपले निशाण आपल्याच जहाजांवर लावायचे, भलत्यांना द्यायचे नाही. या शेवटच्या कलमात कान्होजींची मूळ तक्रार शब्दशः मान्य झाली होती. मुंबईच्या कौन्सिलात ते कोणी फार मोठ्याने बोलले नसावे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात मॅकिंटॉश कॅथरिनला आणि उरलेल्या कैद्यांना घेऊन मुंबईला उतरला. तिची बाळंतपणाची वेळ जवळ आली होती.

कान्होजींचा हिशेब चुकला नाही. बहिरोपंत पेशवे कोकणावर चालून गेले ते स्वतःच पकडले गेले आणि कुलाब्याच्या कैदेत पडले. ज्या वर्षी त्या किल्ल्यातून इंग्रज कैदी बाहेर पडले त्याच वर्षी साताऱ्याचा पेशवा आत आला. लोहगड आणि राजमाची आंग्र्यांकडे गेले, बोरघाटाच्या नाड्या त्यांच्या हाती आल्या आणि आता कान्होजी साताऱ्यावरच येणार अशी आवई उठली.

भोरकरांवर तर त्याहून वाईट वेळ आली. दमाजीवर गेलेली सचिवांची फौज पार मोडली. मुतालिक सापडला आणि अजून मिसरूडही न फुटलेला सचिव नारो शंकर, तोही थोराताच्या हाती लागला. लोहगडावरून साताऱ्याला उतरायचे तर पुणे, शिरवळ, भोर हाच मुलूख लागतो, आणि त्या मुलखाचा धनी हिंगणगावच्या गढीत ओलीस. सचिवांच्या आई येसूबाईंची त्या दिवसांतली अवस्था कोणत्याही बखरकाराने नोंदवली नाही. नवरा आंबवड्याला गेला, मुलगा कैदेत, किल्लेदार कोणाचे ऐकतील याचा भरवसा नाही. कॅथरिन चाऊनवर इंग्रजीत पुस्तकातली प्रकरणे खर्ची पडली. या बाईवर मराठीत चार पाने लिहायला काय हरकत होती?

यातून वाट काढली बाळाजी विश्वनाथांनी. त्यांच्या वाटची मोहीम तेवढी यशस्वी झाली होती. १७ नोव्हेंबर १७१३ रोजी मांजरीच्या मुक्कामी त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि ते कान्होजींकडे निघाले. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे. सिद्दीच्या जाचाने घर सोडावे लागलेले, म्हणजे दर्याकाठचे राजकारण त्यांना पोथीतून शिकायचे नव्हते. लढाईऐवजी त्यांनी सौदा मांडला. कान्होजींनी कोल्हापूरचा पक्ष सोडायचा, बहिरोपंतांना मुक्त करायचे, राजमाची ठेवून घाटावरचे बाकीचे परत करायचे. बदल्यात खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग धरून दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे कायम, सरखेल हा किताब कायम. १७१४च्या आरंभी हे पक्के झाले.

सचिवांची सुटकाही बाळाजींनीच घडवून आणली. उपकाराची फेड म्हणून येसूबाईंनी पुरंदर किल्ला आणि पुणे प्रांतातले सचिवांचे हक्क त्यांच्या हवाली केले. पेशव्यांना पुण्यात पाय ठेवायला जागा मिळाली ती अशी, एका मुलाच्या सुटकेपायी. कॅथरिनचे मोल तीस हजार रुपये ठरले आणि नारो शंकरचे मोल एक किल्ला. पुढची शंभर वर्षे पाहता मुंबईकरांना सौदा स्वस्तात पडला, असेच म्हणावे लागेल. भोरकरांनी मात्र फार तक्रार केलेली दिसत नाही. नारो शंकर मोठा झाला, १७३७पर्यंत जगला. त्याच्या घराण्याकडे राजगड, तोरणा, रोहिडा आणि घाटाखालचा सुधागडचा तालुका पुढेही राहिला. सुधागडावर पंतसचिवांचा वाडा आजही उभा आहे. ८ मार्च १९४८ला भोर मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा आंग्र्यांचे राज्य खालसा होऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली होती.

मुंबई आणि कान्होजी यांचा तह दोन-तीन वर्षे टिकला. १७१५च्या अखेरीस चार्ल्स बून गव्हर्नर झाला आणि त्याने आंग्र्यांचा काटा काढायचाच असे ठरवले. जहाजे बांधली, मुंबईभोवती तट घातला. १७१७मध्ये विजयदुर्गावर जाऊन इंग्रज हात हलवत परतले, १७१८मध्ये खांदेरीवरून तसेच. मग १७२१च्या डिसेंबरात पोर्तुगीजांना बरोबर घेऊन थेट कुलाब्यावर जमिनीवरून चाल केली. इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा कमोडोर थॉमस मॅथ्यूज खास जहाजे घेऊन आला होता. या वेळी कुलाब्याच्या मदतीला घाटावरून पिलाजी जाधवरावांचे घोडदळ उतरले, पाठोपाठ बाजीराव आले. स्वाराचा भाला मॅथ्यूजच्या मांडीत घुसला, इंग्रजांची पळापळ झाली आणि पोर्तुगीजांनी वेगळा तह करून अंग काढून घेतले. आठ वर्षांपूर्वी बाळाजींनी जे दहा किल्ले कान्होजींना सोडले त्याची भरपाई त्या एका दिवसात झाली. कान्होजी १७२९च्या जुलैत वारले तेव्हा कुलाबा अजिंक्यच होता.

कॅथरिनचे काय झाले? मुंबईत तिने तिसरे लग्न केले, कंपनीच्याच विल्यम गिफर्डशी. गिफर्ड पुढे केरळच्या किनाऱ्यावर अंचुतेंगुच्या वखारीचा प्रमुख झाला. मिरीच्या व्यापारातली त्याची लबाडी आणि उद्दामपणा स्थानिकांना असह्य झाला. १७२१च्या एप्रिलमध्ये अट्टिंगलच्या राणीकडे नजराणा घेऊन जाणारी गिफर्डची सुमारे एकशे चाळीस जणांची तुकडी कापली गेली. त्यांत तो स्वतः होता. कॅथरिन तिसऱ्यांदा विधवा झाली. वखारीतल्या बायकामुलांसह ती होडीतून मद्रासला निसटली आणि तिथून आईबापांकडे कलकत्त्याला गेली. कंपनीने गिफर्डच्या हिशेबातली तूट तिच्या नावे मांडली.

कलकत्त्याला तिची गाठ पडली ती कुलाब्याहून हात चोळत परतलेल्या कमोडोर मॅथ्यूजशी. त्याचेही कंपनीशी पटत नव्हते. कौन्सिलच्या हरकती धाब्यावर बसवून त्याने तिला आपल्या जहाजावर घेतले आणि इंग्लंडला नेले. तिथे पोचल्यावरही कंपनीचा आणि तिचा पैशांचा वाद चालूच राहिला.